मूग आणि नाव

३ ऑगस्ट

डोळ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले. उजवा झाला, डावा पुढच्या वर्षी. डॉक्टरनं सांगितलंय, वाकायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, डोक्यावरनं पाणी घ्यायचं नाही, रडायचं नाही. शेवटचं मला सोपं आहे, बाकीची जड जातात. लिहायचं नाही असं तो म्हणाला नाही. या म्हातारीला लिहिता येतं हे त्याच्या डोक्यातच आलं नसावं.

नातू धारवाडला होस्टेलवर आहे, त्याची गणिताची जुनी वही घेतली. चौकटी आहेत. एका चौकटीत एक अक्षर बसतं.

माझं माहेर जतकडचं. घरात कन्नड, शाळेत मराठी, तीही तिसरीपर्यंत. पुढं म्हशी राखल्या आणि चौदाव्या वर्षी या रोणच्या काळ्या मातीत येऊन पडले. साठ वर्षं होऊन गेली. बोलते कन्नड, भांडते कन्नड, स्वप्नंही कन्नडच पडतात. अक्षर मात्र मराठीच येतं. या घरात ते कुणी वाचत नाही, हे एक बरं आहे.

डोळ्यात थेंब घालायचे दिवसातनं चार वेळा. सूनबाईनं, सुवर्णानं, पहिल्या दिवशी घातले. एक कानात गेला, एक नाकात. म्हटलं, बाई, पंप घेऊन फवारणी कर, कुठंतरी लागेल. आता शेजारची दाक्षी येते. दाक्षायणी हडली नाव, आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिचा हात असा की थेंब पडल्यावर कळतं, पडला म्हणून. "अज्जी, वर बघा" म्हणते, आणि झालं.

तिची आजी कस्तूरव्वा आणि मी अकरा वर्षं बोलत नाही. माझ्या लेकाच्या, शेखरच्या, मेहुणीच्या लग्नात तिनं भर पंगतीत माझी ज्वारीची भाकरी हातात धरून विचारलं, "ही खायची का वाळत घालायची?" बायका हसल्या. पुढं वर्षभर गावात माझ्या भाकरीला शेणी म्हणत. दाक्षी आजीला विचारून माझ्याकडं येत नाही. मीही विचारत नाही.

९ ऑगस्ट

नागपंचमी. पावसाची झड लागली आहे. आमचा मूग शेखरनं आधीच काढून घरात घेतला. कस्तूरव्वाचा अजून रानात. पंचमी होईतो विळा लावायचा नाही म्हणाली होती. लाव म्हणावं आता.

इकडं मुगाला हेसरू म्हणतात. नावालाही हेसरूच म्हणतात. या दिवसांत कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांचा हाच एक विनोद. "काय रे, यंदा तुझं हेसरू कसं?" "घरात आहे, बाजारात नाही." दरसाल तोच, आणि दरसाल हसतात.

संध्याकाळी थेंब घालताना दाक्षी गप्प होती. म्हटलं, काय गं, तोंड का शिवलंय? तर म्हणाली, हुबळीचं स्थळ आलंय. मुलगा इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत आहे. बघून गेले, पसंत आहे.

"तुला?"

"त्यानं मला विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का. आजवर कुणी विचारलं नव्हतं."

आधीची दोन स्थळं नुसतं पाणी पिऊन गेली होती. पोरगी सत्ताविशीची झाली. बाप नाही.

जाताना उंबऱ्यात थांबली. "अज्जी, आता चौकशी करतील. शेजारीपाजारी फोन करतील. तुम्हाला आला तर नीट बोला हं."

"मी कधी वाकडं बोलते?"

"कधी बोलत नाही ते सांगा," म्हणाली आणि हसत गेली.

१४ ऑगस्ट

सहावा दिवस पावसाचा. कस्तूरव्वाचा मूग कामातनं गेला. अर्धा रानात कुजला, अर्धा काढून पडवीत ताडपत्रीखाली घातलाय. वास इकडं माझ्या खाटेपर्यंत येतो.

दुपारी फोन आला. घरात कुणी नव्हतं, मीच उचलला. हुबळीचा माणूस, मुलाचा काका, विरूपाक्षप्पा नाव सांगितलं. ओरडून बोलत होता, मध्येमध्ये तुटत होतं.

"अज्जी, तुम्ही हडलींच्या शेजारच्या ना? मुलगी कशी आहे?"

म्हटलं, पोरगी सोनं आहे. हात हलका.

"आणि घरचं कसं काय? खरं सांगा अज्जी, लपवू नका."

म्हटलं, "घरचं काय विचारता, त्यांचं हेसरू बिघडलं. पार काळं पडलं. सगळं त्या म्हातारीच्या हट्टापायी. झाकून ठेवलंय, पण वास येतोच की. आता मिळेल तिथं खपवायचं आणि मोकळं व्हायचं."

तिकडनं आवाज नाही. मला वाटलं, तुटला. मग म्हणाला, "बरं झालं आधीच सांगितलंत. उपकार झाले तुमचे."

मुगासाठी उपकार मानणारा माणूस पहिल्यांदा भेटला. फोन ठेवला आणि मला हसू आलं. तेवढ्यात सुवर्णा छत्री झटकत आत आली. "काय झालं अत्ते?" म्हटलं, काही नाही.

१७ ऑगस्ट

दाक्षी आली नाही. कालही नाही. सुवर्णानं थेंब घातले. दोनातला एक डोळ्यात गेला, सुधारणा आहे.

१९ ऑगस्ट

दाक्षीचं मोडलं.

सुवर्णा दूध घालायला गेली होती, तिथं कळलं. मला सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती, पातेल्याकडं बघत होती. हुबळीवाल्यांनी मधल्या माणसाला कळवलं, घराचं नाव बिघडलेलं आहे, शेजारच्या म्हातारीनंच सांगितलं, मुलगी काही झाकून कुठंतरी खपवायची आहे, आम्हाला नको.

मी म्हटलं, "कोण म्हातारी?"

"गावात फोन असलेल्या अशा किती म्हाताऱ्या आहेत अत्ते?"

मग मला सगळं उलगडलं. म्हटलं, "अगं मी मुगाचं बोलले."

सुवर्णानं पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "असेल." या 'असेल'वर मी तिला पातेलं फेकून मारलं असतं, पण वाकायचं नाही म्हणून सांगितलंय.

२० ऑगस्ट

मूग पावसात कुजायला सहा दिवस लागले. नाव कुजायला एक दिवस पुरला.

काल नुसतं "नाव बिघडलं" एवढंच होतं. आज सकाळी त्याला हातपाय फुटले. गिरणीत कुणी म्हणालं, पोलिओच्या दिवशी तिला यायला उशीर व्हायचा. दुसरीला आठवलं, कुणा डॉक्टरच्या मोटरसायकलवर बसलेली बघितली होती. तो डॉक्टर साठीचा आहे, त्याला तीन नाती आहेत, हे कुणाला आठवलं नाही. तिसरी म्हणाली, आपल्याला काय करायचंय. ती सगळ्यात वाईट. हे वाक्य नेहमी शेवटी येतं आणि त्यानंतर कुणी काही विचारत नाही.

मराठीत 'नाव ठेवणं' म्हणतात. बारशाला नाव ठेवतात, आणि नंतर जन्मभर लोक ठेवतात. बट्टा, डाग, बोल, किटाळ, शिंतोडा. लहानपणी माझी आई 'किटाळ आलं' म्हणायची, ते मला कीड वाटायचं. फार चुकीचं नव्हतं.

आणखी एक म्हणायची. मूग गिळून गप्प बसावं. त्या दुपारी गिळले असते तर आज हे लिहीत बसले नसते.

२३ ऑगस्ट

शेखरला नंबर लावायला सांगितलं. विरूपाक्षप्पानं उचलला.

म्हटलं, "अहो, मी रोणहून बोलते. तुमची गफलत झाली. मी हेसरू म्हटलं ते मुगाचं. पावसानं काळा पडला, तो मूग."

"अज्जी," तो म्हणाला, अगदी मवाळ आवाजात, "तुमच्यावर दबाव आला असेल, मला समजतं. शेजार आहे, तुम्हाला तिथंच राहायचंय."

"कुणाच्या बापाचा दबाव नाही माझ्यावर!"

"आम्ही तुमचं नाव कुठं घेणार नाही, काळजी करू नका. आणि मुगाला आमच्याकडं हेसरूकाळू म्हणतात. नुसतं हेसरू म्हणजे नावच."

दुकानातनं पुडी आणून खाणारी माणसं. रानात उभा असतो तेव्हा त्याला कुणी काळू, म्हणजे दाणे, म्हणत नाही, हे त्यांना कोण सांगणार. मी सांगायला लागले तर म्हणाला, ठेवतो.

डागावर पाणी मारलं की डाग पसरतो. सुवर्णा म्हणते, त्यानं तिकडं लगेच सांगितलं असणार, बघा, आता म्हातारीला मुगाची गोष्ट पढवून फोन करायला लावला.

थकवा आला आहे. काही केलं नाही तरी दमते.

२४ ऑगस्ट

डोळा चुरचुरतो म्हणून पडून होते. मागची पानं उलटली. चौदा तारखेचं वाचलं.

"फोन ठेवला आणि मला हसू आलं."

असं लिहिलंय. माझंच अक्षर. पुढं "म्हटलं, काही नाही."

का हसले?

मुगासाठी कुणी उपकार मानत नाही हे मला कळलं होतं. ते मी लिहिलंयही, एक ओळ आधी. कट्ट्यावरचा विनोद मला ठाऊक होता, तोही पाच दिवस आधी लिहून ठेवलाय. तो "बरं झालं" म्हणाला तेव्हा "अहो, मूग" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? तोंडाला तेवढी सवड होती. मी फोन ठेवला आणि हसले.

बोलताना मुगाचंच बोलले, हे देवाशपथ. नंतरचं देवाला विचारावं, मला आठवत नाही. आठवत नाही असं आज लिहिते आहे, हेही उद्या वाचलं की कसं दिसेल कोण जाणे. वही ठेवू नये माणसानं.

२५ ऑगस्ट

दाक्षी आज गल्लीतनं गेली. हातात लसीचा डबा होता, डोक्यावर पदर नव्हता, मान खाली नव्हती. माझ्या दाराशी पाऊल हळू झालं नाही. सुवर्णा म्हणते, मुख्य आरोग्य केंद्रातनं तिला बदली देतो म्हणाले, तिच्याच भल्यासाठी. गाव तोंडानं मारतं आणि सरकार भल्यासाठी.

जाईल ती. नाव इथंच राहील, तिच्या पाठोपाठ पुढच्या गावीही जाईल. नावाला बसचं तिकीट लागत नाही.

२८ ऑगस्ट

काल हुबळीला जाऊन आले. धूळ, वारा, डॉक्टरनं सांगितलेलं सगळं मोडलं. शेखर नको म्हणत होता. म्हटलं, तू येणार नसलास तर मी एकटी जाते आणि वाटेत आंधळी झाले तर तुझं हेसरू बिघडेल. आला.

जायच्या आधी सुवर्णाला कस्तूरव्वाच्या पडवीतनं मूठभर मूग आणायला सांगितलं. तिनं मागितला नाही, ताडपत्री उचलून उचलला. मागितला असता तर काय सांगणार होती? पिशवी बांधली, तरी बसमध्ये शेजारचा माणूस उठून पुढं जाऊन बसला.

मुलाचं घर दुसऱ्या मजल्यावर. मुलाची आई होती, विरूपाक्षप्पा होता, मुलगा कामावर गेला होता. चहा दिला. मी पिशवी त्यांच्या काचेच्या टेबलावर उपडी केली. काळा, बुरसलेला, चिकट. बाईनं नाकाला पदर लावला.

"हे ते हेसरू," मी म्हटलं. "हे बिघडलं. हे झाकून ठेवलं होतं. हे खपवायचं होतं. पोरीचं नाही."

विरूपाक्षप्पानं एक दाणा उचलला, बघितला, ठेवला. बाई म्हणाली, "अज्जी, इतक्या लांब आलात. तिची आजी फार हातापाया पडलेली दिसते."

मला तेव्हा कळलं. ही माणसं मुगावर विश्वास ठेवणार नाहीत. टेबलावर ढीग घातला तरी नाही. चूक झाली असं कुणाला पटतच नाही. चूक म्हणजे त्यांना सारवासारव वाटते.

मग मी म्हटलं, "बरं. खरं सांगते. बोलले मुगाचंच. पण तुम्ही काय ऐकलंत हे मला कळलं होतं. तुम्ही उपकार झाले म्हणालात, तेव्हाच कळलं. तेव्हाच सांगता आलं असतं. नाही सांगितलं."

"का?" विरूपाक्षप्पा.

"तिच्या आजीनं अकरा वर्षांपूर्वी माझ्या भाकरीला शेणी म्हटलं होतं. भर पंगतीत."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

मग बाईनं माझ्याकडं जसं बघितलं, तसं आजवर माझ्याकडं कुणी बघितलं नव्हतं. आणि मला कळलं, यांना पटलं. लगेच पटलं. मूग डोळ्यांनी बघून पटला नाही, आणि दुष्टपणा न बघता पटला.

"आजी म्हणवता?" बाई म्हणाली. "एका पोरीच्या आयुष्याशी असं?"

"माझ्या नावाचं काय करायचं ते करा," मी म्हटलं. "सगळीकडं सांगा. ज्याला ज्याला ते सांगितलंत, त्याला हे सांगा. पोरीचं नाव जिथं घेतलंत तिथं आता माझं घ्या."

मूग परत पिशवीत भरताना बाईनं मदत केली नाही. चहा गार झाला होता. प्यायले, टाकून कशाला द्यायचा.

परतीच्या बसमध्ये शेखरनं गदगला शेंगा घेतल्या. मग म्हणाला, "अव्वा, ते खरं होतं?"

म्हटलं, "खिडकी लाव. वारा डोळ्याला लागतो."

१ सप्टेंबर

मी शेखरला गप्प बस म्हणून सांगितलं नव्हतं. त्यानं सुवर्णाला सांगितलं, सुवर्णा दूध घालायला गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. गिरणीतल्या बायकांना आता आठवतंय की दाक्षी पहिल्यापासून किती गुणाची, तो डॉक्टर कसा बापासारखा. आणि ही म्हातारी पहिल्यापासून कशी विखारी, आम्ही तेव्हाच म्हणत होतो. 'आपल्याला काय करायचंय' म्हणणारी होती तिनं माझ्या बाबतीतही तेच म्हटलं. कामाला चोख बाई.

कट्ट्यावरच्यांनी मला नाव दिलंय, हेसरव्वा. मुगाची आई म्हणा, नावाची आई म्हणा. शाळेतनं सुटणारी पोरं दारापुढं ओरडून पळतात. साठ वर्षं या गावात मला शेखरची आई म्हणत होते. आता माझं स्वतःचं नाव झालं.

आज पहाटे दार उघडलं तर उंबऱ्यावर सुपभर काळा मूग ओतलेला. शेजारचं दार उघडं होतं. कस्तूरव्वा आत उभी होती, लपली नव्हती.

"घे," म्हणाली. "तुझंच आहे."

अकरा वर्षांनी पहिला शब्द. मी केरसुणी घेतली, वाकायचं नव्हतं तरी वाकले आणि सगळा गोळा करून उकिरड्यावर टाकला. म्हशीपुढं टाकणार होते, पण त्या बुरशीनं बिचारी फुगली असती. कस्तूरव्वा म्हणाली, "झाडतेस तर कोपऱ्यातनं झाड." तेवढं झाडलं.

३ सप्टेंबर

हुबळीवाले काल आले होते. चार माणसं, फळांची टोपली. मला बोलावलं नाही, बोलावणार कशाला. भिंतीतनं ऐकू आलं. पाय धरायचेच बाकी ठेवले. गफलत झाली, कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही ते कळलं नाही, पोरगी आमच्या घरात द्या.

कस्तूरव्वा हो म्हणायच्या आधी दाक्षीचा आवाज आला. शांत होता, लस टोचताना असतो तसा.

"तुमची चौकशी झाली. आता माझी राहिली. तुमच्या खालच्या मजल्यावर कुणी म्हातारी राहत असेल तर तिचा नंबर द्या. तिला विचारून कळवते."

पलीकडं कुणी खोकलं. मग मुलाचा आवाज आला, तो पहिल्यांदाच बोलला. "आहे एक. कान जरा कमी आहे. मोठ्यानं बोलावं लागेल."

नंबर दिला म्हणतात. पुढं काय ते तिचं ती बघेल.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. पाऊस उघडला आहे. सुवर्णा पंगतीसाठी कोसंबरी करणार म्हणून मुगाची डाळ भिजत घातली. आमच्या घरातली, पिवळी, स्वच्छ. मी म्हटलं, शेजारी देऊ नको. ती म्हणाली, द्यायची कुणाची छाती आहे?

पाचच्या सुमारास कडी वाजली. दाक्षी. केंद्रातनं थेट आली होती, खांद्याला पिशवी. माझ्याकडं बघितलं नाही, कोनाड्यातली बाटली उचलली, हलवून बघितली.

"किती दिवस राहिलेत?"

"आठ."

"मधले घातले का?"

"घातले. कानात, नाकात."

हसली नाही. माझं डोकं मागं टेकवलं, पापणी बोटांनी उघडली. तिचे हात गार होते.

"वर बघा, अज्जी."

वर बघितलं. तुळई, तुळईवरचं कोळ्याचं जाळं, तिची हनुवटी. बाटली डोळ्यावर आली आणि पहिला थेंब गालावर पडला. गालावरनं ओघळून कानामागं गेला.

ती एक क्षण थांबली. मीही थांबले. गेल्या महिन्यात तिचा एकही थेंब चुकला नव्हता.

मग दुसरा घातला, नेमका डोळ्यात.

हात चुकला की चुकवला, मी विचारलं नाही. गाल पुसलाही नाही.